निशाणावरून उतरलेला एकशिंगी

एका राज्यात एक राजा होता, एक राणी होती, आणि त्या दोघांच्याही डोक्यावर एक निशाण होते. राजे बदलत, निशाण बदलत नसे. निळ्या रेशमावर पांढरा एकशिंगी: अंग घोड्याचे, कपाळावर एकच लांब पीळदार शिंग, पुढचा एक पाय उचललेला. असा प्राणी त्या राज्यात कोणी पाहिला नव्हता. कोणाच्या आजोबांनीही पाहिला नव्हता. तरी तो दारांवर कोरलेला होता, नाण्यांवर ठसवलेला होता, वरातीच्या चांदव्यावर रंगवलेला होता. सणासुदीला हलवाई त्याच्या साखरेच्या मूर्ती करत आणि मुले आधी शिंग खात. रस्त्यातून रोज हत्ती जात, पण त्यांच्याकडे कोणी मान वर करून पाहत नसे. न पाहिलेल्या प्राण्यावर मात्र साऱ्या प्रजेचा जीव.

राजघराण्याची एक रीत होती. नवा राजा गादीवर बसला की त्याने भरदरबारात, एकशिंगीशी आपली गाठ कशी पडली आणि आपण काय पराक्रम केला, ते सांगायचे. मग त्या पराक्रमाची खूण जरीने निशाणावर भरायची. राजाचे आजोबा उदयभानु म्हणाले होते की, एकशिंगी माझ्यापुढे आला आणि त्याने मान लववली, म्हणून मी त्याच्या मस्तकी मुकुट ठेवला. निशाणावर मुकुट आला. वडील चंडभानु म्हणाले, मी त्याला अरण्यात गाठला आणि साखळीने बांधला. निशाणावर साखळी आली. दोन्ही वेळा दरबार थक्क झाला. थक्क होण्याचा सराव दरबाराला चांगला होता.

आताचा राजा सुभानु हा काळजीखोर माणूस. जेवताना त्याला झुंबराची काळजी वाटे, झोपताना भूकंपाची, आणि काही काळजी नसली की काहीतरी विसरल्याची. राज्याभिषेकाच्या दिवशी पराक्रम सांगायची वेळ आली तेव्हा त्याला एकही पराक्रम सुचेना. प्रधान गुणाकर त्याच्या कानाशी वाकले.

"स्वार झालो म्हणा, महाराज. आता तेवढंच उरलंय."

राजा म्हणाला, "मी त्याच्यावर स्वार झालो." दरबार थक्क झाला. निशाणावर लगाम भरला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशाण चढवले तेव्हा त्यावर मुकुट होता, साखळी होती, लगाम होता. एकशिंगी नव्हता. तिन्ही दागिने आपापल्या जागी रिकाम्या रेशमावर लोंबत होते. त्याच घटकेला गावभर दारांवरच्या, नाण्यांवरच्या, चांदव्यांवरच्या चित्रांची शिंगे गळाली आणि सगळीकडे साधे घोडे उरले. लोक घराबाहेर येऊन आपापल्या घोड्यांकडे खिन्नपणे पाहू लागले.

राजाची मुलगी कौमुदी निशाणाच्या काठीपाशी सागरगोटे खेळत होती. वारा सुटला. निशाणाचे टोक खाली आले, तिच्याभोवती एक वेढा पडला, आणि वेढा सुटला तेव्हा काठीपाशी नुसते सागरगोटे होते.

"आबा!" वरून आवाज आला. "इथून सगळं दिसतं. आता उतरवा मला."

राजाने वर पाहिले. निळ्या रेशमावर त्याची लेक उभी होती. डोक्यावर मुकुट, गळ्यात साखळी, आणि तोंडासमोर, अजून थोडा लांब, लोंबणारा लगाम.

निशाण उतरवले. दरबारच्या दोन ध्वजशास्त्र्यांना बोलावले. पहिले शास्त्री म्हणाले, निशाणावर मुलगी असण्यास आधार नाही. दुसरे म्हणाले, आधार आहे, मात्र तिने एक पाय उचललेला असावा. त्यावर वाद पेटला. राणी पद्मलेखा खाली बसली आणि तिने कापडावर हात फिरवला.

"आई, मला पायाची बोटं लागत नाहीत," कौमुदी म्हणाली.

राणीने पाहिले. बोटे जरीची झाली होती. टाका सुबक होता. ती उठली आणि तिने राजाकडे पाहिले.

"तुम्ही जा. उपाय शोधा आणि तिला घेऊन या."

"मी?" राजा म्हणाला. "सेनापतींना पाठवू. त्यांना रानाची सवय आहे."

"पराक्रम सेनापतींनी सांगितला नव्हता," राणी म्हणाली. "राज्य मी बघते."

जाणते सांगतात, त्या दिवसांत राज्य जरा बरेच चालले.

राजा निघाला. निशाणाची घडी घालावी तर मुलीच्या अंगावर घडी पडेल, म्हणून त्याने ते सैलसर गुंडाळले. कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला घातला आणि गुंडाळी खांद्यावर घेतली. वेशीवरच्या उंबरावर एक धनेश पक्षी राहत असे. त्याला माणसासारखे बोलता येई, आणि माणसासारखेच, कोणी विचारायची वाट तो पाहत नसे.

"महाराज, वाट चुकलात. मांत्रिक कालकेतूचा डोंगर पलीकडे आहे. हे कापड त्यानेच विणलं."

"तुला कसं ठाऊक?"

"माझ्याही चोचीवर शिंग आहे. शिंगाच्या गोष्टी आम्ही लक्षात ठेवतो. आम्हाला निशाणावर कोणी घेत नाही, तो भाग वेगळा. चला, दाखवतो. इथले उंबर तसेही संपलेत."

अशी ती वाट सुरू झाली. राजा थोडे चाले, थांबे, निशाण उलगडी आणि पाही. टाके बोटांवरून पावलांवर आले होते.

"किती वेळा बघाल?" धनेश म्हणाला. "कसर लागायच्या आधी तुमच्या हातांनीच झिजेल."

"आणि मधेच काही झालं तर?"

"आबा, मला पाला टोचतोय," कापडातून आवाज आला. "आणि उलटी धरलीय तुम्ही मला."

कालकेतूच्या डोंगराची सावली भर दुपारीही खाली न पडता वर आभाळावर पडे. माथ्यावर मांत्रिक मागापाशी बसला होता. त्याने गुंडाळी पाहिली आणि सुस्कारा सोडला.

"लवकर आलात. मला वाटलं होतं, अजून एकदोन राजे तरी जातील. वर झूल यायची होती, झुलीवर अंबारी."

"माझी मुलगी द्या," राजा म्हणाला.

"मी घेतलेली नाही. ऐका. तुमचा मूळपुरुष एकशिंगीपाशी गेला आणि म्हणाला, माझ्या निशाणावर राहा. तो म्हणाला, राहीन, पण तुझा होणार नाही. दोघांनी शब्द दिला आणि मी कापड विणलं. शब्दाला तारण हवं. मी असं विणलं की, ज्या दिवशी तुमच्यातला कोणी त्याला आपला म्हणवील, त्या दिवसापासून तो हवा तेव्हा मोकळा होईल आणि त्याच्या जागी म्हणवणाऱ्याचं रक्त उभं राहील. मुकुट त्याने सोसला. साखळी सोसली. लगाम घातल्यावर तो उतरला."

"तारण मला घ्या. तिला सोडा."

"विणलेलं बदलता येत नाही. उसवता येतं. तीन ओझी आहेत, ती उतरायला हवीत. मुकुट तो उतरवील, ज्याला तो मिळायला हवा होता आणि मिळाला नाही. साखळी ते तोडतील, जे एकमेकांना बांधलेले आहेत. लगाम तो काढील, ज्याच्यासाठी तो केला होता. आणि एक लक्षात ठेवा. या ओझ्यांना जमीन घेत नाही. उतरलेलं ओझं कोणाच्या तरी अंगावर हवं."

"आणि उशीर झाला तर?"

"टाका डोळ्यांपर्यंत गेला की ती चित्र," मांत्रिक म्हणाला आणि पुन्हा विणू लागला.

डोंगर उतरताना टाका गुडघ्यांवर आला. राजाला धावावेसे वाटे, पण धावले तर कापड हादरेल, असेही वाटे. म्हणून तो एका विचित्र चालीने जाऊ लागला. धनेशला ती चाल पाहून हसू आले, पण तो हसला नाही, आणि त्यामुळेच राजा अधिक घाबरला.

डोंगराखाली दलदल होती. दलदलीत एक गेंडा बसला होता. पाठीवर बगळे होते आणि नाकावर एकच शिंग होते, खरे, आखूड, टोकाला झिजलेले.

"मुकुट घेऊन आलास," गेंडा म्हणाला. "उशीर केलास. तुझ्या आजोबांच्या वेळी आला असतास तर मी खूश झालो असतो. शिंग एकच आहे, मी खरा आहे, हाकेच्या अंतरावर राहतो. तुम्ही निशाणावर कोणाला घेतलंत? जो कोणी पाहिलाच नाही त्याला!"

राजाने मान खाली घातली. "का, ते मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे. विचार करायला वेळ भरपूर असतो इथे. खरं शिंग दिसलं की माणूस म्हणतो, बरं, आणि पुढे जातो. न दिसलेलं शिंग तो घरादारावर काढतो. कारण न दिसलेला प्राणी कधी चिखलात लोळत नाही." गेंडा उठला. चिखल निथळला. "मुकुट उतरवीन. पण आधी मला पाहा. सूर्य मावळेपर्यंत. नजर काढलीस तर मी पाण्यात जाईन आणि पुन्हा वर येणार नाही."

सकाळ होती. राजाने निशाण एका खडकावर पसरले आणि गेंड्यासमोर बसला. ऊन चढले. मागून कौमुदीचा आवाज आला, "आबा, आता मांड्या गेल्या." राजाची मान वळू लागली. त्याने ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"धनेशा, कापडावर काही बसलंय का?"

"एक फुलपाखरू आहे, महाराज. कसर नाही. पाहा समोर."

"झापडं लावलेल्या घोड्यासारखं वाटतं का तुम्हाला तिकडेच बघताना?" कौमुदीने विचारले.

"नाही गं. काळजी वाटते."

"ती तर तुम्हाला घरीपण वाटते."

सूर्य मावळला. गेंड्याने विचारले, "काय पाहिलंस?"

राजा म्हणाला, "तुमच्या कानांच्या कडेला मऊ केस आहेत. डाव्या डोळ्याखाली जुनी जखम आहे. माशी बसली की फक्त एकाच घडीची कातडी हलते, बाकीचं अंग स्तब्ध राहतं. आणि चिखलात उतरताना तुम्ही आधी पाऊल टाकून खोली पाहता. मीही तसंच करतो."

गेंड्याने कान हलवले. मग तो खडकापाशी गेला, त्याने शिंगाचे टोक कापडाला टेकवले आणि मुलीच्या डोक्यावरचा मुकुट अलगद उचलला. जमिनीवर ठेवायला गेला, जमिनीने घेतला नाही. त्याने तो राजाच्या डोक्यावर ठेवला. तेव्हा राजाला कळले की जरीच्या मुकुटाला दगडी जात्याइतके वजन असते.

"तुम्हाला निशाणावर घेऊ का?" राजाने कळवळून विचारले.

"नको," गेंडा म्हणाला. "वाऱ्यात माझं पोट कसं दिसेल याचा विचार कर. पाहिलंस, तेवढं पुरे."

पुढची वाट रानातून होती. त्या रानात बुडालेल्या राज्यांच्या निशाणांवरचे प्राणी राहत. राज्य बुडाले, कापड फाटले, की प्राणी इथे येई. एक सिंह होता, त्याची आयाळ उन्हापावसात विटली होती. एक मकर होता, तो कोरड्या ओढ्यात बसून, आपल्या वेळी पाणी किती होते, ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. सगळे एकेका बाजूनेच दिसत आणि सवयीने एक पाय उचलून उभे राहत. राजा जात असता सर्वांनी मान वळवून कापडाकडे पाहिले.

"मूल आहे," सिंह म्हणाला. "आमच्या वेळी मुलं नव्हती घेत."

रानाच्या मध्यभागी गंडभेरुंड बसला होता: एक धड आणि दोन गरुडमुखे, एक डावीकडे पाहणारे, एक उजवीकडे. एका राजाच्या दोन मुलांनी राज्य वाटून घेतले तेव्हा निशाण मधोमध फाडले होते. तेव्हापासून दोन्ही डोकी एकमेकांशी बोलत नसत.

"एकमेकांना बांधलेले म्हणजे हेच," धनेश हळूच म्हणाला.

राजाने नमस्कार केला. मुकुटामुळे तो ठरवल्यापेक्षा जास्त वाकला. "पक्षिराज, माझ्या मुलीच्या गळ्यातली साखळी तोडून द्या."

डावे डोके म्हणाले, "तोडीन. पण त्याला सांग, मी आधी धरणार."

उजवे डोके म्हणाले, "त्याला सांग, आधी धरण्याचा मान थोरल्याचा, आणि थोरला मी."

"त्याला सांग, एका अंड्यात थोरला कोण, धाकटा कोण?"

कापडावर टाका छातीपर्यंत आला होता. कौमुदी खोकली. तिचा आवाज बारीक झाला होता. "आबा, साखळी घट्ट होतेय."

राजाने आधी डाव्याला समजावले, मग उजव्याला. डाव्याला पटले की उजव्याला पटेना. उजव्याला पटले की डाव्याला, उजव्याला पटले म्हणून, पटेना. राजाला हे सारे फार ओळखीचे वाटले. आपल्या मंत्रिमंडळात रोज हेच चाले. आणि तिथे एकमत होण्याची वाट पाहताना त्याचे निम्मे केस पिकले होते. एकाएकी तो ताठ उभा राहिला, मुकुट असूनही.

"एकमत करू नका," तो म्हणाला. "मुळीच करू नका. भांडा. फक्त भांडताना साखळीची दोन टोकं चोचीत धरा."

मग डावे म्हणाले, "त्याला सांग, साखळी माझी आहे." उजवे म्हणाले, "त्याला सांग, माझी." दोघांनी दोन टोके धरली आणि विरुद्ध दिशांना अशी ओढली की रानातली पाने गळून पडली. साखळी तुटली. कौमुदीने मोठा श्वास घेतला. तुटलेली साखळी उडाली, राजाच्या गळ्याभोवती पडली आणि आपोआप जुळली.

"त्याला सांग," डावे डोके धापा टाकत म्हणाले, "बऱ्याच दिवसांनी मजा आली."

उजव्याने निरोपाची वाट पाहिली नाही. "आली खरी," ते थेट म्हणाले.

आता लगाम उरला. आणि एकशिंगी.

रानाच्या शेवटी एक सरोवर होते. त्याचे पाणी विषासारखे कडू असे. रोज पहाट झाली की एकशिंगी येई, शिंग पाण्याला लावी, पाणी गोड होई, आणि मग रानातले सारे प्राणी पाणी पीत. हे धनेशने सांगितले, आणि न विचारता पुढचेही सांगितले: "त्याच्यासमोर काय बोलायचं ते ठरवून ठेवा, महाराज. तुम्ही ऐन वेळी गडबडता."

वाटभर राजा भाषण ठरवत होता. आरंभी क्षमा, मध्ये घराण्याची कीर्ती, मग मुलीची हकीकत, आणि शेवटी विनंती की एकशिंगीने निशाणावर परत यावे. दागिने काढू, पाय उचलायची सक्ती नाही, वर्षातून काही दिवस सुटी.

"सुटीचं आधी घ्या," धनेश म्हणाला. "कीर्ती गाळा. तिच्याच पायी तो पळाला."

ते सरोवरापाशी पोहोचले तेव्हा पूर्वेला तांबडे फुटत होते. काठावर प्राणी ओळीने उभे होते. हरणे, डुकरे, एक वाघ, वाघापासून थोडे अंतर राखून ससे. राजाने निशाण उलगडले. टाका गळ्यावर चढला होता, आणि लगाम, जो इतके दिवस तोंडासमोर लोंबत होता, तो कौमुदीच्या ओठांना टेकला होता.

"आबा," ती म्हणाली, "मी आता..."

लगाम तोंडात शिरू लागला. तिचे डोळे मोठे झाले.

राजाने विचार केला नाही. आयुष्यात प्रथमच केला नाही. त्याने कापडात तोंड खुपसले, दातांनी लगाम धरला आणि ओढला. लगाम तिच्या तोंडातून निघाला आणि त्याच्या तोंडात बसला. पट्टे कानांमागे आवळले. तोंडाला लोखंडाची चव आली. आणि इतक्या वाटेत घासून तयार केलेले भाषण, क्षमेपासून सुटीपर्यंत, त्याच्या घशात अडकून राहिले.

"गेलं भाषण," धनेश पुटपुटला. मग म्हणाला, "ओळीत उभे राहा, महाराज. इथे तसंच असतं."

राजा ओळीत उभा राहिला. त्याच्यापुढे एक कासव होते. मागे कोणी नव्हते. मान मुकुटाने वाकलेली, गळा साखळीने जड, तोंड लगामाने बंद, हातांत लेक. टाका हनुवटीवर आला.

एकशिंगी आला.

तो चित्रातल्यासारखा नव्हता. चित्रातल्यापेक्षा लहान होता. घोडा म्हणावे तर खूर शेळीसारखे दुभंगलेले, हनुवटीला थोडी दाढी. रंग पांढरा, पण रानात राहणाऱ्याचा पांढरा. पोटाला चिखल, शेपटीत गोखरू. शिंग मात्र तसेच होते. त्याने शिंग पाण्याला लावले, आणि सरोवरावर असा एक शहारा उठला की पाहणाऱ्याला आपल्या लहानपणची कुठलीशी सकाळ आठवावी. प्राणी पाणी पिऊ लागले.

राजाची पाळी आली तेव्हा टाका गालांवर होता. तो गुडघ्यांवर बसला. मुकुटाने त्याचे डोके पाण्यात ओढले. साखळीने गळा खाली नेला. हात वर धरलेले, त्यांत कापड, आणि तोंड पाण्याखाली. तो गुदमरू लागला, तरी त्याने हात खाली घेतले नाहीत.

एकशिंगीने त्याच्याकडे पाहिले. ही मान त्याच्या ओळखीची होती. हा मुकुट, ही साखळी, हा लगाम, कुठे काचते, कुठे रुतते, हे जगात त्याच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हते. त्याने शिंगाचे टोक राजाच्या कानामागच्या पट्ट्याखाली घातले आणि उचलले. लगाम निघाला. त्याच्यामागोमाग मुकुट आणि साखळीही गळाली. जमीन त्यांना घेत नव्हती, पण पाण्याने घेतली.

"बोल," एकशिंगी म्हणाला.

राजा खोकला. भाषण आता मोकळे होते. पण त्याला त्यातला एक शब्द सापडेना.

"मुलगी," तो म्हणाला.

"टाका तिच्या पापण्यांपाशी आहे," एकशिंगी म्हणाला. "कापड पाण्यात धू. जे तुझं आहे, ते वाहून जाईल. जे तुझं नाही, ते राहील."

राजाने कापड उराशी ओढले. "पण ती माझी आहे!"

"मग घाबर," एकशिंगी म्हणाला.

सरोवर शांत होते. वाघदेखील पाणी प्यायचा थांबला होता. राजाने कापडाकडे पाहिले. कौमुदीचे ओठ जरीचे झाले होते, नाक जरीचे झाले होते, आणि दोन डोळे तेवढे त्याच्याकडे पाहत होते. त्या डोळ्यांत भीती होती, आणि थोडा रागही होता. तो राग सुभानूचा नव्हता, पद्मलेखेचाही नव्हता. तिचा स्वतःचा होता. सागरगोट्यांचा डाव मोडला की येई तो. राजाला वाटले, मी हिला जन्मापासून माझी, माझी म्हणत आलो, आणि माझ्या बापाने एकशिंगीला काय वेगळे म्हटले होते?

"माझी नाही," तो म्हणाला. आवाज फाटला. "ती कौमुदी आहे."

आणि त्याने निशाण पाण्यात बुडवले.

आधी निळा रंग गेला. मग जरीची किनार सुटली, कोपऱ्यातले सूर्य-चंद्र विरघळले, उदयभानूंचे टाके, चंडभानूंचे टाके, सारी कीर्ती सोनेरी तवंगासारखी पाण्यावर पसरली आणि वाहत गेली. राजा धूत राहिला. कापड पांढरे झाले. पांढऱ्यावर काहीही नव्हते. त्याने उलटे करून पाहिले. दुसऱ्या बाजूलाही काही नव्हते.

धनेशने डोळे मिटून घेतले.

मग काठापासून जरा दूर पाणी उसळले, आणि एक डोके वर आले, केस तोंडावर चिकटलेले.

"नाकात पाणी गेलं ना!" कौमुदी ओरडली. "सांगून तरी बुडवायचं, आबा!"

राजाने तिला ओढून काठावर घेतले. पायाची बोटे मोजली नाहीत, नुसती एकेक करून दाबून पाहिली. सगळी गरम होती. त्याने मागे वळून पाहिले तेव्हा एकशिंगी निघून गेला होता. चिखलात दुभंगलेल्या खुरांचे ठसे होते, आणि त्यांत पाणी भरत होते.

राजा परतला. राणीने मुलीला उराशी धरले, मग राजालाही, आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यांवरच्या लगामाच्या वळांवरून बोट फिरवले. पांढरे कापड पाहून ध्वजशास्त्री मात्र हादरले. पहिले म्हणाले, कोऱ्या निशाणाला आधार नाही. दुसरे म्हणाले, प्रजा काय म्हणेल? प्रधान गुणाकर म्हणाले, "महाराज, नवा एकशिंगी भरून घेऊ. आपल्याला तो भेटलाच आहे. या वेळी तर खराच पराक्रम आहे."

राजा काही बोलायच्या आत कौमुदी म्हणाली, "प्रधानकाका, तुम्ही कधी वर राहिलाय का?"

"नाही, बाईसाहेब."

"तिथून सगळे लोक दिसतात. सगळे वर बघतात, हात जोडतात, खूश होतात. खाली यायचंय का, असं कोणीच विचारत नाही."

दरबार थक्क झाला. या वेळी सरावाने नव्हे.

निशाण कोरेच चढवले. आणि त्या दिवसापासून एक नवल झाले. वारा आला, पांढऱ्या कापडावर घड्या पडल्या, की खाली उभा असलेला माणूस शपथेवर सांगे, आत्ता दिसला. मान वळवलेली, शिंग इकडे. शेजारचा म्हणे, छे, शिंग तिकडे. गावातली दारे मात्र अजून साध्या घोड्यांची होती. एके सकाळी लोक उठून पाहतात तो मुलांनी कोळशाने सगळ्या घोड्यांना शिंगे काढलेली: कोणाचे वाकडे, कोणाचे दाराच्या चौकटीबाहेर गेलेले. ती कोणी पुसली नाहीत.

पुढे कौमुदी गादीवर बसली. दरबाराने पराक्रम विचारला. ती म्हणाली, "मला तो भेटला. त्याच्या शेपटीत गोखरू होते." निशाणावर काही भरले गेले नाही, आणि राज्य सुखाने चालले.

सुभानु म्हातारा झाला, तरी काळजी करीतच राहिला, कारण शाप सुटतो, स्वभाव सुटत नाही. पण लेक बाहेर निघाली की तो वेशीपर्यंत जाई, आणि ती दृष्टीआड झाली की परत फिरे.

कहाणी सरोवराच्या काठी थांबली. ऐकणाऱ्यांची तहान भागो, सांगणाऱ्याच्या मानेवरचे ओझे उतरो, आणि ज्याला कोणी पाहिले नाही तो रानात सुखाने चरो.